दहा बाय बाराच्या खोलीतला आवाज

आमच्या डोंबिवलीच्या घरातील बैठकीची खोली १० फूट रुंद आणि १२ फूट लांब आहे. तिच्या एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपण्याची खोली असून तिच्यात सध्या दहा महिन्यांचे बाळ वाढते आहे. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात आणि त्यांची झोप अतिशय सावध आहे. खालच्या घरात यंदा दहावीची परीक्षा आहे. अशा खोलीसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी निवडणे हा एरवी हौसेचा विषय ठरला असता. आमच्या घरी मात्र तो प्रकृतीचा विषय म्हणून उभा राहिला, म्हणूनच या पाक्षिकाच्या वाचकांपुढे तो मांडावासा वाटला.

माझे सासरे, ज्यांना घरात सारेच अण्णा म्हणतात, यंदा ८१ वर्षांचे झाले. उमेदीची ३४ वर्षे त्यांनी मुंबईतील एका कारखान्याच्या पत्रे ठोकण्याच्या खात्यात काढली. कानात बोळे घालून काम करण्याची त्या काळी रीत नव्हती. दिवसभर हातोड्यांचा गजर ऐकणाऱ्या या माणसाला गाण्याचे मात्र विलक्षण वेड होते. सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र चालत असे, त्या दिवसांत रजा टाकून ते पुण्याला जात आणि पहाटेचा राग ऐकूनच परतत. संध्याकाळी रेडिओ किंवा कॅसेट लावल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

गेल्या चार-पाच वर्षांत हे सारे हळूहळू बंद पडले. एकदा मुलाने त्यांच्या आवडत्या गायकाची मैफल मोबाइलवर लावून दिली, तेव्हा दोन मिनिटांत त्यांनी हात हलवून ती थांबवायला सांगितली. "गाणं नाही रे वाटत हे आता. मोरीत भांडी पडल्यासारखं वाटतं," असे ते म्हणाले. टीव्हीचा आवाज मात्र ते वाढवत नेत. त्यामुळे बाकीचे तिघे त्या खोलीतून उठून गेलो. मुलगा कानात इअरफोन घालून आपल्या खोलीत, यजमान शयनगृहात मोबाइल घेऊन आणि मी स्वयंपाकघरात छोटा रेडिओ लावून. एका घरात चार माणसांचे चार आवाज झाले. अण्णांच्या वागण्यातही फरक पडू लागला. ते जेवताना काही विचारीनासे झाले आणि प्रश्नाला उत्तर म्हणून नुसते हसू लागले. दवाखान्यात गेली पंचवीस वर्षे मी हे हसू पाहते आहे. शब्द न कळलेल्या माणसाचे ते हसू असते, आणि नातेवाईक त्याला बहुधा 'बाबा आता शांत झालेत' असे म्हणतात. उतारवयातील स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर आपल्याला काही उपाय करता येतो, त्यांच्या यादीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने श्रवणदोषाला ठळक स्थान दिले आहे. तेव्हा हे हसू मला मुळीच शांत वाटत नव्हते.

इथे थोडे कानाविषयी सांगणे आवश्यक आहे. निरोगी तरुण कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. आतल्या कानातील शंखाकृती नळीत केसासारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार सूक्ष्म पेशी असतात. ध्वनीचे रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संकेतात करण्याचे काम त्या करतात. सततच्या गोंगाटाने किंवा वयाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सर्वांत आधी जातात त्या उंच स्वरांच्या पेशी. मराठीतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, त, थ यांसारख्या व्यंजनांचे घर्षण आणि स्फोट वरच्या पट्टीत. म्हणून वृद्ध माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे असते. 'सात', 'हात' आणि 'भात' या तिन्ही शब्दांतला 'आ' त्याच्यापर्यंत पोहोचतो; सात की भात हे ठरवणारा सूक्ष्म आवाज वाटेतच गळतो.

दुसरी गोष्ट कुटुंबीयांना सहसा ठाऊक नसते. अशा कानाची ऐकण्याची किमान मर्यादा वर सरकते, पण असह्यतेची मर्यादा फारशी सरकत नाही. हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलले की "ओरडतोस कशाला?" हा तक्रारीचा सूर लागतो. मधली जागाच अरुंद झालेली असते. त्या अरुंद पट्टीत ख्यालाची मैफल कोंबली तर ती भांड्यांसारखी वाटणारच.

अण्णांच्या ऑडिओग्रामवर हे चित्र स्वच्छ उमटले. ५०० हर्ट्झला ३० डेसिबलची घट, ४,००० हर्ट्झला ७०. डावा कान उजव्याहून अधिक गेलेला. तेव्हा पहिली खरेदी स्पीकरची नव्हती, दोन्ही कानांच्या श्रवणयंत्रांची होती. हा क्रम कोणीही उलटा करू नये. यंत्रांनी बोलणे कळू लागले, पण गाणे परतले नाही. एक चमत्कारिक तक्रार तेवढी आली. तानपुरा लावला की यंत्रातून तो थरथरल्यासारखा, मध्येच कुणी गिळल्यासारखा येई. ऑडिओलॉजिस्टने कारण सांगितले. श्रवणयंत्रात शिट्टी वाजू नये म्हणून एक व्यवस्था असते. एकसारखा टिकून राहणारा स्वर दिसला की ती त्याला शिट्टी समजून दाबू पाहते. आपल्या संगीताचा पायाच एकसारखा टिकणारा स्वर! तिने यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून दिला, त्यात ही व्यवस्था सौम्य केली, आणि जाता जाता म्हणाली, "मॅडम, आता यंत्राला चांगलं काही ऐकवा. मोबाइलच्या आणि टीव्हीच्या आवाजात मुळातच काही नसतं."

तिचे म्हणणे बरोबर होते. भिंतीला चिकटणाऱ्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच उरलेली नाही. बहुतेक टीव्हींत ते खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. त्यातून जी व्यंजने पुसट होतात, ती नेमकी अण्णांना हवी असतात. त्यामुळे ठरले की एकच ॲम्प्लिफायर आणि एकच जोडी घ्यायची, बातम्याही तिच्यातूनच ऐकायच्या आणि गाणेही.

ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड हा मुंबईकरांचा या बाबतीतला जुना बाजार. अण्णांना घेऊन आम्ही सारेच एका शनिवारी तिथे गेलो. ज्याच्या कानांसाठी खरेदी, तो माणूस दुकानात हवाच, असा माझा आग्रह होता. चष्मा आपण कधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी निवडत नाही.

पहिल्या दुकानात पहिला प्रश्न आला, "किती वॅट पाहिजे?" वॅटचा हा सोस आपल्याकडे जुना आहे. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर पीएमपीओ या नावाखाली हजार-दोन हजार वॅटचे आकडे छापलेले असत. त्या आकड्यांना प्रत्यक्षात काहीच अर्थ नव्हता. पाहायची ती ॲम्प्लिफायरची सलग, आरएमएस क्षमता, आणि त्याहूनही आधी पाहायची स्पीकरची संवेदनक्षमता. ती स्पीकरच्या माहितीपत्रकात डेसिबलमध्ये दिलेली असते. ८६ डेसिबल लिहिले असेल, तर एक वॅट वीज दिल्यावर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. आमच्या खोलीत अण्णांची खुर्ची स्पीकरपासून अडीच मीटरवर आहे. अंतराने आवाज साधारण ८ डेसिबलने घटतो आणि दोन स्पीकर असल्याने ३ डेसिबल परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी अवघ्या एका वॅटमध्ये खुर्चीपाशी सुमारे ८० डेसिबल! आपण घरात समाधानाने गाणे ऐकतो ते साधारण ६५ ते ७० डेसिबलला. त्याला वॅटचा दहावा हिस्सा पुरतो. तबल्याची तिहाई समेवर येते किंवा तान उसळते, तेव्हा क्षणभर दहा-वीस डेसिबल अधिक लागतात. ती गरजही दहा वॅटच्या आत भागते. ३० वॅटचा ॲम्प्लिफायर आमच्या खोलीला भरपूर आहे. ६० वॅटचा घेतला असता तर फरक पडला असता फक्त ३ डेसिबलचा, जो कानाला जेमतेम जाणवतो. फार दुबळा ॲम्प्लिफायर मात्र घेऊ नये, कारण तो ताणला गेला की आवाज फाटतो आणि नाजूक ट्विटरला इजा पोहोचते. स्पीकरचे ओहम ॲम्प्लिफायरला चालणारे आहेत ना, एवढे दुकानदाराला विचारून घ्यावे आणि हा विषय तिथेच सोडावा.

दुकानदाराने हौसेने एक ढणढणीत गाणे लावले. मुलाचे डोळे चमकले. अण्णांनी शांतपणे दोन्ही श्रवणयंत्रे काढून खिशात ठेवली.

मग मी माझी तयारी बाहेर काढली. यजमानांच्या आवाजात मी एकाक्षराने फरक असणारे २५ शब्द मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणले होते: सात, भात, हात, रात, शाळा, माळा, गाळा, अशी ती यादी. अण्णांना पाठ करून बसवले, आवाज साध्या बोलण्याइतका ठेवायला सांगितला, आणि ऐकलेला शब्द त्यांनी म्हणून दाखवायचा. ऑडिओलॉजिस्ट बंद खोलीत जे करते त्याचे हे बाजारी रूप म्हणा. त्याला शास्त्रीय किंमत फारशी नाही, हे मलाही ठाऊक आहे. घरी टीव्हीवर त्यांना २५ पैकी ११ शब्द कळले होते. पहिल्या जोडीवर १६ कळले. दुकानदार आता स्वतःच रंगात आला होता. त्याने रस्त्याकडचे दार लावून घेतले आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवले.

माणसाच्या बोलण्यावरून स्पीकर जोखण्याची कल्पना काही माझी नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा एक छोटा स्पीकर घडवला. बाहेरच्या कार्यक्रमांचे प्रक्षेपण करणाऱ्या मोटारींत जागा अपुरी असे, त्यासाठी तो होता. उंची जेमतेम फूटभर, वूफर पाच इंचांचा. निवेदकाचा आवाज खरा वाटतो की नाही, यावर त्या मंडळींचा फार भर असे. पोट हलवणारा नाद त्या डब्यातून येत नाही, पण अरुंद जागेत जवळ बसून ऐकणाऱ्यांना तो अजूनही प्रिय आहे. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीची आणि त्या मोटारीची अडचण मूलतः एकच.

निवड शेवटी दोन जोड्यांवर आली. एकीचा ट्विटर फार तेजस्वी होता, बांगड्यांची किणकिण हवेत उडाल्यासारखी वाटे. मुलाला ती आवडली. माझाही कयास असा होता की ज्याला उंच स्वर कमी ऐकू येतात त्याला हे तेज उपयोगी पडेल. शब्दांत ती किंचित पुढेही होती, २५ पैकी २१. दुसरीवर २० कळले. परंतु ख्याल लावल्यावर पाचव्या मिनिटाला अण्णांच्या कपाळावर आठी पडली, आणि दुसऱ्या, साध्या आवाजाच्या जोडीवर ते वीस मिनिटे हलले नाहीत. दुकानातले पहिले मिनिट चमक दाखवते, विसावे मिनिट थकवा सांगते. विशेषतः ज्यांच्या कानाची मधली पट्टी अरुंद झाली आहे, त्यांनी विसाव्या मिनिटावर विश्वास ठेवावा. आम्ही दुसरी घेतली. ॲम्प्लिफायरसह सारे ४० हजारांच्या आत बसले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तुमची खोली आणि तुमचे कान वेगळे आहेत.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत माझा हट्ट तीन गोष्टींचा होता. टीव्हीची थेट जोडणी, दूरनियंत्रक, आणि खर्ज, तीव्र व डावे-उजवे यांची बटणे. ही बटणे असू नयेत, ध्वनिमुद्रण जसे आहे तसेच ऐकावे, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांचा मला आदर आहे, पण त्यांच्या शेजारी दहा महिन्यांचे बाळ नसावे. आवाज लहान केला की कानाला खर्ज सर्वांत आधी कमी वाटू लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवले आहे. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे बटण असे, ते याचसाठी. हळू ऐकणाऱ्या घराने थोडा खर्ज वाढवून घेण्यात कसलाही अपराध नाही. उलट तसे केले नाही तर भरीवपणासाठी हात आवाजाच्या बटणाकडे जातो.

नाव जरी बुकशेल्फ स्पीकर असले, तरी पुस्तकांच्या फळीत कोंबले की त्यांचा घसा बसतो. भिंतीजवळ खर्ज फुगतो, कोपऱ्यात आणखी फुगतो. आमच्या स्पीकरला मागे हवा जाण्याचे भोक आहे, म्हणून ते भिंतीपासून फूटभर पुढे ठेवले, तरीही सुरुवातीला बायाँ घुमतच होता. कारण खोलीत होते. बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झचा नाद भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. त्यावर यंत्र बदलून उपयोग नसतो. भोकात मुलाचा धुतलेला पायमोजा गुंडाळून बसवला, अण्णांची खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढली, आणि समोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचे कपाट आणले. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावेत म्हणून खाली लाकडी चौरंग ठेवले. चौरंगाखाली जुन्या योगासनाच्या चटईचे तुकडे घातले, कारण शेजाऱ्यांपर्यंत हवेतून जाणारा आवाज जितका पोहोचतो, तितकीच फरशीतून आणि भिंतीतून जाणारी थरथर पोहोचते.

त्यानंतर मी स्वतः शेजारी जाऊन बसले, बाळाच्या पाळण्याजवळ, आणि मुलाला घरून आवाज हळूहळू वाढवायला सांगितले. गाण्याचे शब्द कुठेच आले नाहीत, बायाँ मात्र एका टप्प्यानंतर आला. त्या आकड्याच्या खाली आम्ही ॲम्प्लिफायरची कमाल मर्यादा बांधून टाकली. निवासी भागासाठी आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण पाळण्याजवळ बसून ऐकल्यावर नियमाचे पुस्तक उघडावे लागत नाही. शेजारीणबाईंनी तेव्हा सांगितले की पूर्वीच्या टीव्हीच्या मालिका त्यांना भिंतीतून पाठ झाल्या होत्या.

मुलाच्या इअरफोनविषयी एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण तीच चिंता तुमच्याही घरात असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर सरासरी पातळी ८० डेसिबलच्या वर नसावी, मुलांसाठी ७५. पातळी ३ डेसिबलने वाढली की मुभा निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. लोकलच्या खडखडाटावर मात करून ऐकायचे म्हटले की हे आकडे पाहता पाहता ओलांडले जातात. मिरवणुकीतल्या भिंतींचा आवाज तर शंभराच्या वर असतो, आणि दर गणपतीनंतर कानात शीळ घुमते म्हणणारी चार-दोन तरुण मुले माझ्याकडे येतातच. त्यांच्या ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झपाशी जी खाच दिसते, तशीच खाच अण्णांच्या कानात हातोड्यांनी पाडली असणार. मुलाला मी व्याख्यान दिले नाही. आजोबांचा आलेख आणि त्याचा स्वतःचा आलेख त्याच्यापुढे ठेवले, एवढेच.

आता संध्याकाळी साडेसात ते नऊ बैठकीच्या खोलीत चौघे असतो. आधी बातम्या, मग गाणे. अण्णा पुन्हा गायकांच्या चुका काढू लागले आहेत. तबलजी लय पळवतो आहे, पेटीचा एक सूर चढा आहे, अशी कुरकुर चालते, आणि मुलगा त्यांच्याशी वाद घालण्यापुरता का होईना, ऐकतो. त्यांचा मेलेला भाग काही जिवंत झालेला नाही. पुढचा ऑडिओग्राम डिसेंबरमध्ये आहे आणि तो सुधारलेला येईल अशी माझी मुळीच अपेक्षा नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी एक कथकची साथसंगत लावायला सांगितली. बोल त्यांना कळतात, पखवाज कळतो, सारंगीचा लेहरा कळतो. घुंगरू मात्र येत नाहीत, कुठल्याच स्पीकरवर येणार नाहीत. त्यांना ते ठाऊक आहे. समेच्या जरा आधी ते नातवाकडे वळून विचारतात, "आले का रे?" आणि तो मान न वळवता सांगतो, "आले आजोबा, आता."